मुख्य शिडाचा तळकाठ बूमला जोडावा की मोकळा ठेवावा?

शिडाची नौका बाळगणारे सोलापूरकर विरळाच. पण ज्यांच्या मनात ती घेण्याचे आहे, किंवा ज्यांची मुले मुंबईत वा गोव्यात नौकानयनाच्या नादाला लागली आहेत, त्यांच्यापुढे आज ना उद्या हा प्रश्न येतो. नवे मुख्य शीड शिवायला टाकले, की शीड शिवणारा कारागीर विचारतो : खालचा काठ बूमच्या खोबणीत बसवायचा, की फक्त दोन कोपऱ्यांवर अडकवून मधला भाग मोकळा सोडायचा? प्रश्न वेगाचा वाटतो, म्हणून त्यावरची चर्चा लगेच वाऱ्याकडे वळते. माझ्या मते तो मुळात वाऱ्याचा प्रश्न नाही. कापडावरचा भार कोणत्या जागी गोळा होतो आणि तो कशाच्या आधाराने पेलायचा, हे ठरवण्याचा तो प्रश्न आहे. आणि ज्या शहराच्या कित्येक पिढ्या गिरण्या आणि यंत्रमागांवर जगल्या, तिथल्या वाचकाला तो समजावून सांगणे बंदरातल्या वाचकापेक्षा सोपे जावे.

आधी अवयवांची ओळख करून घेऊ. आजच्या बहुतेक प्रवासी नौकांचे मुख्य शीड त्रिकोणी असते. त्याचा पुढचा काठ डोलकाठीला धरून वर चढतो, मागचा काठ, ज्याला लीच म्हणतात, तो हवेत मोकळा असतो, आणि खालचा काठ, म्हणजे तळकाठ, बूम नावाच्या आडव्या दांड्यालगत असतो. बूमचे पुढचे टोक डोलकाठीला बिजागरीने जोडलेले असते. शिडाचा खालचा पुढचा कोपरा म्हणजे टॅक आणि खालचा मागचा कोपरा म्हणजे क्लू. क्लूला बूमच्या मागच्या टोकाकडे ओढणाऱ्या दोरीला आउटहॉल म्हणतात. या लेखात पुन्हा पुन्हा येणारे नाव क्लूचे आहे, कारण अखेर सगळा भार त्या कोपऱ्यावर येऊन पडतो.

तळकाठ बसवण्याच्या रीती तशा थोड्याच आहेत. जुन्या रीतीत काठात एक दोर शिवतात आणि तो दोर बूमच्या माथ्यावरील खोबणीत सरकवतात, म्हणजे काठ टोकापासून टोकापर्यंत बूमला चिकटून राहतो. त्याच रीतीच्या दुसऱ्या प्रकारात काठाला ठरावीक अंतरावर लहान गुटके जोडतात आणि ते खोबणीत धावतात. मोकळ्या तळकाठात टॅक आणि क्लू हेच काय ते बूमशी जोडलेले असतात व मधला काठ बूमच्या वर आपल्या वक्राने राहतो. चौथा प्रकार शर्यतीच्या नौकांवर दिसत असे : शीड आणि बूम यांच्यामध्ये पातळ कापडाची एक पाकळी शिवलेली असते, जी आउटहॉल सैल सोडला की उघडते आणि ताणला की मिटते. प्रवासी नौकेवर या पाकळीत पावसाचे पाणी साठते आणि शीड गुंडाळताना ती नको तिथे येते, म्हणून तिचा विचार इथेच सोडून देतो.

काठ सबंध बूमला जखडण्याची रीत का पडली असावी, हे कापडाकडे पाहिले की कळते. शिडे सुती किंवा जवसाच्या धाग्याची होती तेव्हा कापड ओले झाले, वाळले, ताणले की त्याचे माप बदलत असे आणि भाराखाली काठ ओघळू नये म्हणून त्याला दोराचा आधार लागे. विनफिल्ड आणि डिक्सन या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा धागा तयार केला, टेरिलीन आणि डेक्रॉन या नावांनी तो बाजारात आला, आणि १९५० च्या दशकात त्याची शिडे शिवली जाऊ लागली. नवे कापड आपले माप स्वतःच धरून ठेवत होते, त्यामुळे काठातल्या दोराची गरज बरीचशी संपली. सवय मात्र पुढे काही दशके टिकली. मोकळा तळकाठ ही नवी टूम आहे असे सांगणाऱ्यांना आपल्या कोकणच्या गलबताची आठवण करून द्यावीशी वाटते : त्याचे तिरके शीड वरच्या दांड्याला बांधलेले असते, खाली बूमच नसतो, आणि त्याचा तळकाठ पूर्वीपासून मोकळाच आहे.

आता कापड थोडे अधिक बारकाईने पाहू. घरातली सोलापुरी चादर दोघांनी समोरासमोर धरून आधी उभ्या धाग्यांच्या दिशेने ओढावी, मग आडव्या धाग्यांच्या दिशेने ओढावी, आणि शेवटी समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरकी ओढावी. पहिल्या दोन वेळा ती फारशी हलत नाही. तिसऱ्या वेळी मात्र लांबते आणि मध्ये निमुळती होते. धागा लांबत नाही, धाग्यांमधले कोन बदलतात. शिडाचे पॉलिएस्टर कापड साध्या विणीचे पण कमालीचे घट्ट असते, उष्णता देऊन आकसवलेले आणि राळेने पक्के केलेले असते, तरीही हा नियम त्याला सुटत नाही. म्हणून नेहमीच्या आडव्या पट्ट्यांच्या शिडात कापडाचे पट्टे लीचला काटकोनात लावतात, म्हणजे सर्वाधिक भार वाहणाऱ्या लीचच्या दिशेने बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे सरळ पडतात. तळकाठाच्या वाट्याला मात्र ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, दिशा नेमकी येत नाही. समजा शिडाची उंची १२ मीटर आणि तळकाठ ४ मीटर आहे. क्लूपाशी कोन सुमारे ७२ अंशांचा होतो आणि तळकाठ ताण्याच्या धाग्यांशी सुमारे १८ अंश तिरका राहतो. एवढा तिरकेपणा घातक नाही, पण काठ पक्क्या पट्टीने दुमडून शिवला नाही तर काही मोसमांत तो लांबून फडफडू लागतो. मोकळ्या तळकाठाच्या शिडात ही किनारपट्टी आणि तिच्यातली फडफड थांबवणारी बारीक दोरी मागून घ्यावी.

मोकळ्या काठाचा सर्वांत मोठा फायदा शिडाचे पोट कमी-जास्त करण्यात आहे. मंद वाऱ्यात शिडाला फुगवटा हवा असतो आणि जोराच्या वाऱ्यात ते सपाट हवे असते. हा फुगवटा काठाच्या लांबीशी टक्केवारीत मोजतात. सपाट शिडात तो १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि भरलेल्या शिडात १५ टक्क्यांपर्यंत जातो. भूमितीची गंमत अशी की दोरीतला थोडासा बदल पोटात मोठा फरक पाडतो. आपल्या ४ मीटरच्या तळकाठाचा हिशेब केला, तर पूर्ण ताणलेल्या काठाला आउटहॉलने जेमतेम ३ सेंटीमीटर ढील दिली की मध्यभागी सुमारे २० सेंटीमीटर पोट येते, आणि आणखी ८ सेंटीमीटर ढील दिली की ते सुमारे ४० सेंटीमीटर, म्हणजे १० टक्के, होते. यासाठी काठ बूमपासून बाजूला सरकायला मोकळा हवा. तो खोबणीत जखडलेला असेल तर बूमलगतचे कापड सरळ रेषेतच राहते, पोट वरच्या भागात कसेबसे येते आणि खाली चुण्या पडतात. शिवाय खोबणीत मीठ आणि धूळ साठली की दोर अडकतो, म्हणजे ढील दिली तरी क्लू पुढे येत नाही, आणि मग खलाशी आउटहॉलला हात लावणेच सोडून देतो. प्रवासी नौकेवरचे लोक शर्यतवाल्यांइतके दोऱ्यांशी खेळत नाहीत हे खरे. पण जी दोरी सहज चालते तिला ते हात लावतात.

उलट बाजूचा युक्तिवाद असा, की शीड आणि बूम यांच्यातल्या फटीतून हवा दाबाच्या बाजूकडून निसटते आणि जोर वाया जातो. तत्त्वतः हे बरोबर आहे. पण फट पूर्ण बंद केली तरी बूम इतका अरुंद असतो, की शिडाच्या खालच्या कडेवरून वळणारी हवा तो फारशी अडवू शकत नाही. मोकळ्या शिडाचा तळकाठ थोडा बाहेर गोलाई देऊन कापतात, त्यामुळे क्षेत्रफळही जवळपास तेवढेच राहते. शर्यतीत सेकंद मोजणाऱ्याने यावर वाद घालावा. पाण्याच्या टाक्या, नांगराचे साखळदंड आणि महिन्याचा शिधा घेऊन निघालेल्या नौकेला हा फरक जाणवणार नाही.

खरी काळजी भाराची असते, आणि ती रास्त आहे. काठ खोबणीत असला की भार सबंध बूमभर वाटला जातो आणि मोकळा असला की तो दोन कोपऱ्यांवर येतो, असे सांगितले जाते. यात अर्धे तथ्य आहे. लीचमधून उतरणारा ताण दोन्ही प्रकारांत मुख्यतः क्लूवरच येतो. खोबणीतला काठ त्यातला थोडा वाटा उचलतो, इतकेच. मात्र मोकळ्या प्रकारात एक गोष्ट वेगळी होते. क्लूवर दोन दिशांनी ओढ असते, एक पुढे आणि एक वर. पुढची ओढ आउटहॉल पेलतो. वरची ओढ पेलायला वेगळी सोय लागते, नाहीतर आउटहॉल सैल सोडताच क्लू बूमवरून उचलला जातो, लीच ढिली पडते आणि ज्या मंद वाऱ्यासाठी पोट वाढवले त्याच वाऱ्यात शिडाचा वरचा भाग उघडून निकामी होतो. ही सोय दोन प्रकारे करतात. एक तर बूमवरच्या रुळात धावणारा मजबूत गुटका किंवा गाडी क्लूला जोडतात, किंवा रुंद विणलेल्या पट्ट्याने अथवा बारीक पण चिवट दोरीच्या अनेक वेढ्यांनी क्लू बूमभोवती बांधतात. पट्टा स्वस्त आणि खात्रीचा असतो, पण भाराखाली तो बूमवर घासतो आणि सहज सरकत नाही. गाडी सहज सरकते, पण ती कमी कुवतीची निवडली तर जोराच्या वाऱ्यात तीच आधी तुटते. दोन्ही एकत्र ठेवता आली तर उत्तम : रोजच्या कामाला गाडी आणि विमा म्हणून सैलसर पट्टा. शिडाच्या किमतीत काटकसर करायची असेल तर ती इतरत्र करावी, क्लूपाशी करू नये.

मोकळ्या काठाला नाजूक समजणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. वारा वाढला की शीड लहान करतात, त्याला रीफ घेणे म्हणतात. शीड थोडे खाली उतरवून वरच्या पातळीवरचे नवे टॅक आणि नवा क्लू बूमशी बांधतात आणि मधले कापड गुंडाळून ठेवतात. रीफ घेतलेल्या शिडाचा नवा तळकाठ कुठल्याही खोबणीत बसलेला नसतो. तो दोन कोपऱ्यांवरच उभा असतो. म्हणजे मूळ काठ कोणत्याही रीतीचा असो, पहिल्या रीफपासून प्रत्येक शीड मोकळ्या तळकाठाचेच होते. आणि हे घडते ते नेमक्या वाईट हवेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : १० नॉटच्या वाऱ्यापेक्षा २० नॉटच्या वाऱ्यात तो चौपट आणि ३० नॉटला नऊपट असतो. नऊपट दाबात जी रचना बिनतक्रार चालते, ती मंद वाऱ्यात धोक्याची ठरेल हे पटण्याजोगे नाही. रीफच्या कोपऱ्यांना शीड शिवणारा जेवढे जाड ठिगळ लावतो तेवढेच मूळ क्लूलाही लावायला सांगितले, की हा मुद्दा निकालात निघतो.

रीफच्या दोरीबाबतही मोकळा काठ सोयीचा पडतो. रीफची दोरी बूमवरून निघून लीचवरच्या कडीतून जाते आणि पुन्हा खाली येऊन बूमला बांधायची असते. काठ मोकळा असेल तर दोरी शीड आणि बूम यांच्या फटीतून घालून बूमभोवती गाठ मारता येते आणि गाठीची जागा हवी तशी मागे-पुढे करता येते. काठ खोबणीत असेल तर त्याच जागी शिडाला छिद्र पाडून कडी बसवावी लागते आणि ती जागा एकदा चुकली की चुकलीच. गाठ रीफच्या कडीच्या सरळ खाली न ठेवता किंचित मागे ठेवावी, म्हणजे दोरी कोपऱ्याला खालीही ओढते आणि मागेही. उरलेले कापड आवरणाऱ्या बारीक दोऱ्यांचाही विचार इथेच करावा. खोबणीतला काठ असला की त्या दोऱ्या सबंध बूमभोवती बांधाव्या लागतात, आणि रीफची मुख्य दोरी सुटली, किंवा शीड पुन्हा वर चढवताना एखादी बारीक दोरी सोडायची राहिली, तर सगळा भार त्या एका लहान छिद्रावर येऊन कापड उभे फाटते. मोकळ्या काठात त्या फटीतून घालून फक्त गुंडाळीभोवती बांधता येतात, आणि तशाच बांधाव्यात.

बूमची ताकद हा मात्र खरोखर तपासण्याचा विषय आहे. अनेक प्रवासी नौकांत बसायची जागा मोकळी राहावी म्हणून बूमला खाली धरणारी दोरी त्याच्या टोकाला न जोडता मध्यावर जोडतात. मग टोकाला क्लू वर ओढतो, मध्यावर दोरी खाली ओढते आणि त्या जागी बूम वाकू पाहतो. जुन्या, हलक्या, पातळ भिंतीच्या बूमवर शीड मोकळे करण्यापूर्वी डोलकाठी आणि तिचा साज बसवणाऱ्या जाणकाराला तो दाखवावा. क्लू जिथे येतो त्या जागी खोबणीचे ओठ फाकलेले दिसले, तर त्या खोबणीत गाडी धावू देऊ नये, पट्टाच वापरावा. मोकळ्या काठाचा एक फायदाही याच ठिकाणी मिळतो : दोरीची कप्पी बूमला भोके पाडून जोडण्याऐवजी बूमभोवती पट्टे घालून दोन-तीन जागी वाटून जोडता येते.

शीड गुंडाळण्याच्या यंत्रणेने कधीकधी निवड आधीच करून ठेवलेली असते. शीड डोलकाठीच्या पोटात गुंडाळले जाणार असेल तर काठ मोकळाच लागतो, दुसरा मार्ग नाही. ते बूमच्या पोटातल्या रुळावर गुंडाळले जाणार असेल तर काठ त्या रुळाला जोडावा लागतो. या दोन्ही प्रसंगी यंत्रणा बनवणाऱ्याचे मापपत्रक प्रमाण मानावे. बूमवर झिपची लांब पिशवी ठेवून तिच्यात शीड उतरवण्याची पद्धत असेल, तर मोकळ्या काठामुळे रिकामी झालेली खोबणी त्या पिशवीचा तळ बसवायला उपयोगी पडते.

सोलापुरात घर आणि किनाऱ्यावर नौका अशी स्थिती असणाऱ्याला पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, नौका बांधून ठेवतात आणि शिडे उतरवून कोरड्या जागी न्यावी लागतात. मोकळ्या काठाचे शीड उतरवायला डोलकाठीवरचे गुटके, टॅक आणि क्लू सोडले की झाले. खोबणीतले शीड सबंध बूमभर ओढत काढावे लागते, आणि वर्षानुवर्षे आकसलेला काठाचा दोर ते सहज येऊ देत नाही. घरी आणल्यावर गोड्या पाण्याने मीठ धुवावे, सावलीत वाळवावे आणि मगच घडी घालावी. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर पसरून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण उन्हाने कापडाच्या आधी शिलाईचा धागा कुजतो आणि ते शीड चढवेपर्यंत दिसत नाही.

इतके सगळे मोकळ्या काठाच्या बाजूचे झाले. जोडलेला काठ कुठे योग्य ठरतो? नौका जुनी असेल, बूम हलका असेल आणि क्लूसाठी रूळ वा गाडी बसवण्याचा खर्च नको असेल तेव्हा. जुन्या धाटणीच्या नौकेचे मूळ रूप जपायचे असेल तेव्हा. लांबच्या सफरीत पावसाचे पाणी धरणारे काही खलाशी बूमला जोडलेले शीडच पसंत करतात, कारण बूमलगतच्या कापडाच्या घोळात पाणी गोळा होऊन पुढच्या टोकाशी बादलीत उतरते. काठ जोडायचाच ठरला तर सबंध दोराऐवजी गुटके घ्यावेत; ते घासून तुटले तर एकेक बदलता येतात आणि मधल्या फटीतून दोऱ्या घालता येतात.

हाताशी असलेले जोडलेल्या काठाचे शीड चांगल्या स्थितीत असेल, तर ते नुसते खोबणीतून काढून मोकळे वापरू नये. त्याचा क्लू सगळी उभी ओढ एकट्याने पेलण्यासाठी शिवलेला नसतो, आणि बूमलगत फुगवट्यासाठी सोडलेले जास्तीचे कापड लोंबत राहून फडफडते. काठाचा दोर काढणे, ते जास्तीचे कापड कापणे, नवी किनारपट्टी शिवणे, टॅक आणि क्लू या दोन्ही कोपऱ्यांना थरांचे ठिगळ आणि कडी बसवणे, एवढे काम शीड शिवणाऱ्याकडून करून घ्यावे. आपल्याकडे गणवेश शिवणारे कुशल कारागीर गल्लोगल्ली आहेत, आणि लहानसहान ठिगळ ते उन्हाला टिकणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याने नागमोडी टाक्यात नीट घालू शकतील. क्लूचे सात-आठ थर मात्र त्यांच्या यंत्राच्या सुईला झेपणारे नाहीत. ते काम बंदरावरच करून घ्यावे, आणि शीड टाकताना क्लूच्या कडीपासून बूमच्या माथ्यापर्यंतचे अंतर, गाडीचे माप आणि आउटहॉल पूर्ण ताणल्यावर क्लू जिथे येतो ती जागा, ही तीन मापे स्वतः घेऊन कागदावर लिहून द्यावीत.